सगळेच 'अटॅक' नसतात

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'हृदयविकार आणि ताणतणाव'. मी म्हटलं, त्यावर तुम्हीच मला चार गोष्टी शिकवाल. तेल कोणतं वापरायचं, चालायचं किती, लसूण कच्ची खायची की भाजून, हे सगळं आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर येतच असतं. म्हणून मी विषय बदलून घेतला. आज मी बोलणार आहे हृदयाच्या स्नायूच्या आजारांबद्दल. डॉक्टरी भाषेत कार्डिओमायोपॅथी. शब्द अवघड आहे, लक्षात नाही राहिला तरी चालेल. आजार लक्षात राहिला पाहिजे, कारण तो आपल्या वर्गात येऊन गेलाय आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आपल्याकडे छातीशी संबंधित काहीही झालं की एकच शब्द वापरतात, 'अटॅक'. माणूस झोपेत गेला, अटॅक. एसटी पकडताना कोसळला, अटॅक. पाय सुजले, धाप लागते, दवाखान्यात ठेवलंय, 'सौम्य अटॅक येऊन गेला'. पण हृदयाचं दुखणं एका प्रकारचं नसतं. घराच्या गच्चीवर पाणी चढवणारी मोटर डोळ्यांपुढे आणा. पाणी येत नसेल तर बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. पाइप तुंबला असेल, वायरिंग बिघडलं असेल, नाहीतर मोटरच गेली असेल. खरा हार्ट अटॅक हा पाइपचा आजार. हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी एकदम बंद होते. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे सगळं पाइपचं काम. ठोके चुकणं, मध्येच थांबणं, भलतेच जोरात पळणं हा वायरिंगचा. आणि स्नायूचा आजार म्हणजे मोटरचा.

ही मोटर आहे केवढी? वजन साधारण तीनशे ग्रॅम. दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके, मिनिटाला पाचेक लिटर रक्त. जीवशास्त्राच्या बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांनी लाल आणि निळ्या खडूने फळ्यावर हृदय काढलं होतं आणि विचारलं होतं की डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का. उत्तर बरोबर आलं नाही म्हणून अर्धा वर्ग उभा होता. (मी बसलेली होते, हे मुद्दाम सांगते.) डाव्या निलयाला रक्त डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ढकलायचं असतं, म्हणून त्याची भिंत जाड. आजचं माझं सगळं भाषण त्या एका भिंतीबद्दल आहे.

पाइप आणि मोटर हा फरक मी घोळून सांगतेय याला कारण आहे. छातीत दुखलं, धाप लागली, म्हणून माणूस अँजिओग्राफी करतो. रिपोर्ट येतो नॉर्मल. घरी पेढे वाटले जातात. पेढे वाटू नका असं मी म्हणत नाही, पण त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की पाइप साफ आहेत. मोटर कशी आहे हे अँजिओग्राफीत नव्हे, टूडी इकोमध्ये दिसतं. सोनोग्राफीसारखीच तपासणी, सुई नाही, दुखत नाही, वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

या स्नायूचं बिघडतं काय? मुख्यतः तीन तऱ्हा. पहिली, भिंत पातळ होते, सैलावते आणि कप्पा फुग्यासारखा मोठा होतो. जुन्या सदऱ्याचं इलॅस्टिक कसं ताणून ताणून गेलेलं असतं, तसं. रक्त ढकलायची ताकद कमी होते. 'हार्ट मोठं झालंय' किंवा 'पंपिंग कमी झालंय' म्हणतात ते बहुधा हे. दुसरी बरोबर उलटी. भिंत गरजेपेक्षा जाड होते, आणि पुष्कळदा दोन खालच्या कप्प्यांमधला पडदाच जास्त जाड होतो. पंपिंग उत्तम असतं, कधी कधी जास्तच, पण आत रक्त मावायला जागा नाही, आणि काहींच्यात तो जाड पडदा रक्ताची बाहेर जायची वाटच अडवतो. तिसरी, भिंत कडक होते. आकुंचन पावते, पण सैल पडत नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल फक्त आपल्या सरांसाठी एक वाक्य. उतारवयात, विशेषतः पुरुषांच्यात, एक विशिष्ट प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचून तो कडक होतो. त्याच्या कितीतरी वर्षं आधी दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येऊन मनगटाचं ऑपरेशन झालेलं असू शकतं. ज्येष्ठांपैकी कुणाला दोन्ही मनगटांचा हा त्रास होऊन गेला असेल आणि आता पायाला सूज, धाप असं सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना मनगटाची गोष्टही सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आणि एक प्रकार केवळ नावासाठी सांगते. १९९० साली जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. मोठा मानसिक धक्का बसल्यावर, बहुतेक वेळा पन्नाशी उलटलेल्या बायकांच्यात, हृदयाचं टोक एकदम फुगतं. चित्र दिसतं जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं. त्या मडक्याला तिकडे ताकोत्सुबो म्हणतात, तेच आजाराचं नाव. काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्वपदावर येतं. तेव्हा संयोजकांच्या 'ताणतणाव' या विषयालाही मी थोडा न्याय दिला आहे.

आता पंपिंगबद्दल. इकोच्या रिपोर्टवर ईएफ म्हणून एक आकडा असतो. माझ्याकडे कोल्हापूरला एक गृहस्थ आले होते, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "डॉक्टर, माझं हृदय पस्तीस टक्केच शिल्लक राहिलंय." सोबतचा मुलगा तर मृत्युपत्राबद्दल बोलत होता. अहो, हा शंभरपैकी मार्कांचा आकडा नव्हे! कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसाचाही हा आकडा साधारण पंचावन्न ते सत्तरच असतो. शंभर कुणाचाच नसतो, ऑलिंपिकमध्ये पळणाऱ्याचाही नाही. तेव्हा पस्तीस म्हणजे साठाच्या जागी पस्तीस. कमी आहे, उपचार हवेतच, पण मृत्युपत्राची घाई नको. आणि हा आकडा औषधांनी वाढू शकतो. त्या गृहस्थांचा दीड वर्षाने पन्नासावर गेला. आता ते मला फोन करून ऊसदराबद्दल बोलतात.

स्नायू सैल पडायला कारणं बरीच आहेत. विषाणूचा संसर्ग, वर्षानुवर्षांची दारू, कॅन्सरची काही औषधं, थायरॉइड, बेसुमार वेगाने पळत राहिलेले ठोके. पाइपचा आजार वाढूनही मोटर खराब होतेच. यातल्या एका कारणावर मी थांबणार आहे, कारण समोर बसलेल्या पुष्कळ मैत्रिणी आता सासूबाई झाल्या आहेत. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत, आधी पूर्ण निरोगी असलेल्या मुलीचा हृदयाचा स्नायू सैल पडू शकतो. तिला धाप लागते, रात्री आडवं झालं की खोकला येतो, उशांवर उशा लावून बसून झोपते, पायाला सूज असते. घरात म्हणतात, बाळंतिणीचा थकवा आहे, थंड खाल्लं असेल. खोकल्याची बाटली आणतात. आडवं झाल्यावर वाढणारा आणि उठून बसल्यावर कमी होणारा खोकला हा खोकल्याच्या बाटलीचा विषय नाही. त्या मुलीचा त्याच दिवशी इको झाला पाहिजे. वेळेत कळलं तर यातल्या पुष्कळ जणींचं हृदय सुधारतं. आणि पुढचं बाळंतपण मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, मग कुणाला नातू हवा असो की नात.

आता आपल्या वर्गातली गोष्ट.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आपला एक मित्र गेला. नाव घेत नाही, इथे सगळ्यांना माहीत आहे. वहिनींनी आणि त्याच्या लेकीने हे सांगायला मला परवानगी दिली आहे. बाजारातून पिशव्या घेऊन आला, दोन जिने चढला, खुर्चीत बसला आणि मान टाकली. ग्रुपवर बातमी आली, 'अटॅकने गेला'. आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी त्याची फाइल दाखवली. त्या मला विचारत होत्या, "दोन वर्षांपूर्वीच अँजिओग्राफी केली होती, एकही ब्लॉक नव्हता, मग अटॅक कसा आला?" प्रश्न अगदी बरोबर होता. फाइलमध्ये एक ईसीजी होता, अजिबात नॉर्मल नव्हता. कुठल्याशा तपासणी केंद्रातला इकोचा रिपोर्ट होता. त्यात मधल्या पडद्याची जाडी बावीस मिलिमीटर लिहिलेली होती आणि पुढे शेरा, 'बीपीमुळे'. आपल्या मित्राला बीपी नव्हतं. फाइलमध्ये सात ठिकाणी बीपी लिहिलंय, एकदाही एकशेतीसच्या वर नाही. भिंत साधारण अकरा मिलिमीटरपर्यंत असावी. पंधरा किंवा त्याहून जास्त असेल आणि बीपी किंवा झडपेचं कारण नसेल, तर तो जाड स्नायूचा आजार, असा विचार करावा लागतो.

मी घरातलं विचारत गेले. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी शेतात गेले, 'ऊन लागलं'. चुलते पट्टीचे पोहणारे, प्रीतिसंगमावर मोठे झालेले, आणि तिथेच बुडाले. 'भोवऱ्यात सापडले.' आणि तो स्वतः कॉलेजात असताना एसटीमागे पळताना एकदा चक्कर येऊन पडला होता, 'उपाशी होता म्हणून'. एका घरात चार वेळा तोच आजार दार वाजवून गेला आणि चारही वेळा त्याला वेगळं नाव दिलं गेलं. चुलत्यांच्या बाबतीत मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात बुडाला असं ऐकलं की आमच्या शास्त्रात हृदयाकडे बघायला शिकवतात.

हा आजार घरात उतरतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला दोष मिळायची शक्यता पन्नास टक्के. मुलगा-मुलगी भेद नाही. ज्याला दोष मिळाला त्याला आजार होईलच असं नाही, कधी होईल तेही ठरलेलं नसतं. मी वहिनींना म्हटलं, मुलांना आणि भाऊजींना घेऊन या. धाकटा भाऊ नॉर्मल निघाला. मुलगा नॉर्मल. मुलगी सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते, दर रविवारी गड चढते. तिचा पडदा एकोणीस मिलिमीटर. तिला काहीही त्रास नव्हता.

पुढे एमआरआय केला, त्यात स्नायूत व्रण दिसले. चोवीस तासांच्या ईसीजीत ठोके मध्येच धोकादायक लयीत पळालेले दिसले. वडील आणि आजोबा दोघेही अचानक गेलेले. हे सगळं तिच्यासमोर मांडून, तिला घाई न करता, दोन-तीन बैठका होऊन जूनमध्ये तिच्या छातीत आयसीडी बसवलं. हे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. गप्प बसून प्रत्येक ठोका मोजतं आणि जीवघेणी लय सुरू झाली की आतल्या आत शॉक देतं. मीशेल मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरचा ध्यास होता तो. १९६६ साली त्याचे गुरुतुल्य सहकारी असेच लयीच्या बिघाडाने गेले, आणि असं यंत्र शरीरात बसवता आलं पाहिजे हे त्याने मनावर घेतलं. मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याची कल्पना उडवून लावली होती. १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोरला पहिलं यंत्र माणसात बसलं. फुटबॉल बघणाऱ्यांना ख्रिश्चन एरिक्सन आठवेल. २०२१च्या युरो स्पर्धेत मैदानात कोसळला, हृदय थांबलं होतं, जागेवरच छाती दाबून आणि शॉक देऊन त्याला परत आणलं. त्याला हे यंत्र बसवलं आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. आपल्या मित्राच्या लेकीने मला पहिला प्रश्न विचारला तो गड चढण्याबद्दलच. मी म्हटलं, बेताने चढ, धापा टाकत शर्यत नको, सोबत कुणीतरी हवं, आणि पाणी भरपूर.

आता तुमच्यापैकी काहींचा हात छातीवर गेलेला मला दिसतोय. थांबा, आकडे सांगते. जाड स्नायूचा आजार साधारण पाचशेत एकाला असतो, असं धरतात. म्हणजे दुर्मीळ नाही, पण घरोघरीही नाही. आपल्या लोकांबद्दल एक विशेष गोष्ट २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यात हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरं गळालेली असणं, हा दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत सापडला. या सभागृहात दीडशे माणसं असतील, तर हिशोबाने पाच-सहा जणांत. पण त्यातले बहुतेक आयुष्यभर धडधाकट राहतात. इतर कारणं जोडीला आली तर धोका वाढतो, एवढंच. म्हणून सरसकट सगळ्यांनी जनुकाची तपासणी करत सुटू नये. ती करायची आजार सापडलेल्या माणसाची, आणि त्यात काही निघालं तर मग त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांची. बाकीच्यांना ईसीजी आणि इको पुरे.

तपासणीपेक्षा आधी एक काम मी तुम्हाला देते, फुकट आहे. घरी जाऊन आई, आत्या, मावशी, जे कुणी जुनं जाणतं असेल त्यांना विचारा. घरात कोण पन्नाशीच्या आत अचानक गेलं? कोण धावताना, भांडताना, ओझं उचलताना चक्कर येऊन पडलं? कुणाला पेसमेकर बसला? लहान वयात कुणाला 'हार्ट मोठं' सांगितलं होतं? आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल असं विचारणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. तरी विचारा. एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांकडे नेताना फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. असं काही निघालं, तर एक इको करून घ्या. आजार पक्का झालेल्या घरात मात्र एकदा नॉर्मल आला म्हणून सुटका नाही, काही वर्षांनी पुन्हा बघावं लागतं.

उपचारांकडे येते. सैल पडलेल्या हृदयाच्या उपचारांची गोष्ट मला फार आवडते. बीटा ब्लॉकर नावाच्या गोळ्या ठोके मंद करतात, हृदयाचा जोर कमी करतात. आधीच दमलेल्या हृदयाला अशी गोळी देणं म्हणजे उताणा पडलेल्या बैलाला आणखी दोन काठ्या, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांना ती देऊन बघितल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्ण सुधारले. कुणी विश्वास ठेवेना. मोठे अभ्यास होऊन ते सिद्ध व्हायला नव्वदचं दशक संपावं लागलं. कारण असं की दमलेलं हृदय शरीराच्या चाबकाखाली धावत असतं. गोळी त्या चाबकाला आवरते, बैलाला नाही. मी एमडी करत असताना जुने सर ही गोळी लिहिताना हात आखडायचे. आज ती दिली नाही तर आम्हाला जाब विचारतात.

आज अशा चार प्रकारची औषधं आहेत. एक हा बीटा ब्लॉकर. दुसरं रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करणारं. तिसरं स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीचं, स्नायूत व्रण वाढू न देणारं. आणि चौथं चक्क मधुमेहाची गोळी, जी मधुमेह नसलेल्यांच्याही हृदयाला उपयोगी पडते हे २०१९ साली दिसून आलं. चारही लहान डोसवर सुरू करून हळूहळू वाढवायची. सुरुवातीला थकवा येतो, बीपी थोडं उतरतं, आणि माणूस म्हणतो, 'गोळ्यांनीच जास्त त्रास होतोय'. तेव्हा डॉक्टरांना फोन करा, गोळी खिडकीतून फेकू नका. लघवी होणारी गोळी या चारांत येत नाही. तिने सूज आणि धाप उतरते, लगेच बरं वाटतं, म्हणून लोक तिलाच खरं औषध समजतात आणि बाकीच्या बंद करतात.

यावरून लंडनच्या एका अभ्यासाची आठवण येते. हृदय पूर्ण सुधारलेले, इको नॉर्मल आलेले रुग्ण घेतले. पंचवीस जणांची औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, बाकीच्यांची चालू ठेवली. सहा महिन्यांत बंद केलेल्यांपैकी अकरा जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. म्हणजे 'आता बरा आहे' याचा अर्थ औषधांनी आवरलेला आहे, एवढाच असू शकतो. मंगळसूत्र गहाण ठेवून महागडी ऑपरेशनं करणारी माणसं मी बघितली आहेत, आणि महिन्याच्या गोळ्या 'आता कशाला' म्हणून सोडणारीही तीच.

घरातलं थोडं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाणी साठलंय, डॉक्टरांना कळवा. मीठ फक्त भाजीतलं मोजू नका, पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे सगळं मोजा. आणि आपल्या वयाचा खास मुद्दा, गुडघे. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात पाणी आणि मीठ साठवतात. मोठ्या कष्टाने ताळ्यावर आणलेला रुग्ण गुडघ्याच्या गोळीने चार दिवसांत आयसीयूत येतो. हे मी वर्षातून कितीतरी वेळा बघते, आणि दर वेळी घरचे म्हणतात, "पण साधी दुखण्याचीच गोळी होती."

जाड स्नायूचं गणित वेगळं आहे, आणि हे नीट ऐका. आपल्याकडे छातीत कळ आली की कुणीतरी खिशातून सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवतं. ज्याचा जाड पडदा रक्ताची वाट अडवतो, त्याला या गोळीने अडथळा वाढून चक्कर येऊ शकते, बीपी एकदम कोसळू शकतं. अशा माणसाला पाणी कमी पडू देणंही वाईट. म्हणून ज्याला हा आजार आहे त्याच्या पाकिटात आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. 'हार्ट पेशंट' एवढं पुरत नाही.

औषधांनी भागलं नाही तर तो पडदा ऑपरेशनने थोडा खरवडतात. हे ऑपरेशन रुळवणाऱ्या अँड्र्यू मॉरो या अमेरिकन सर्जनला स्वतःला हाच आजार होता. १९९४ साली उलरिक सिगवार्ट यांनी दुसरी युक्ती केली. छाती न उघडता, नळीतून, पडद्याच्या रक्तवाहिनीत थोडंसं शुद्ध अल्कोहोल सोडायचं. तेवढा भाग मरतो आणि वाट मोकळी होते. दारूचा हृदयाला झालेला मला माहीत असलेला हा एकमेव उपयोग आहे. मागच्या रांगेतल्यांनी कृपया नोंद घ्यावी, तो नळीतून होतो, ग्लासातून नाही. २०२२ साली अमेरिकेत या आजारासाठीच बनवलेल्या एका गोळीलाही मान्यता मिळाली. ती स्नायूचं अतिरिक्त आकुंचन थेट कमी करते. डोस मोजून, इको करत करतच द्यावी लागते.

आणि अगदी शेवटी हृदयरोपण. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत ते केलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या रोपणानंतर तीन महिनेही झाले नव्हते! रुग्ण काही तासच जगला. मग देशात यश यायला १९९४ उजाडलं, दिल्लीत एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून, अवयवदानाचा कायदा झाल्यावर लगेच. मुंबईला त्यानंतरही एकवीस वर्षं वाट पाहावी लागली. २०१५च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून हृदय आणून मुलुंडला रोपण झालं. आज अडचण सर्जनची नाही, देणाऱ्या घरांची आहे. त्यावर वेगळं बोलावं लागेल आणि जेवणाची वेळ जवळ येतेय.

एकच राहिलं. कुणी समोर कोसळलं, हाक मारून जागं होत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचं नाही, गाडी शोधत धावायचं नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचं. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत. हे ऐकून येत नाही, हाताने करून बघावं लागतं. मी कोल्हापूरहून दोन रबरी पुतळे आणले आहेत. चहानंतर जुन्या प्रयोगशाळेत या, दहा-दहा जणांच्या तुकड्या करू. गुडघ्यांवर बसावं लागतं, म्हणून सतरंज्या टाकायला सांगितल्या आहेत. पीटीच्या सरांनी शिट्टी आणली आहे, लय तेच देणार आहेत. आणि ज्यांच्या घरातल्या कागदावर काही लिहिण्यासारखं निघेल असं आत्ताच वाटतंय, त्यांच्यासाठी दाराशी टेबलावर माझा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. एकेक उचला.